ऑक्स केबलची घुरघुर आणि टेलिफोनचा जुना नियम

स्पीकरला जोडलेल्या ऑक्स केबलच्या मोकळ्या पिनला बोट लावलं की ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. तीच पिन फोनमध्ये घाला, आवाज गायब. असं का? उत्तरासाठी टेलिफोनच्या जमान्यात जाऊया.

१८७६ साली ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचं पेटंट मिळालं, तेव्हा ॲम्प्लिफायर नव्हताच. बोलणाऱ्याकडून तारेत जेवढी ताकद शिरेल, तेवढीच पलीकडे पोचवायची. ती सगळ्यात जास्त कधी पोचते? दोन्ही टोकांचा इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, सारखा असेल तेव्हा. टेलिफोनच्या तारांसाठी ६०० ओहमचा आकडा रूढ झाला. पुढे रेडिओवाल्यांनीही तोच उचलला.

१९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी ट्रायोड व्हॉल्व्ह आणला. त्यातून ॲम्प्लिफायर तयार झाले, आणि त्यांना ताकद नको, फक्त व्होल्टेज हवं होतं. इथे जुना नियम महागात पडतो. इम्पिडन्स सारखे ठेवले तर अर्धं व्होल्टेज, म्हणजे ६ डेसिबल, वाटेतच जातं. ॲम्प्लिफायरची स्वतःची खरखर मात्र तेवढीच राहते. गाणं बारीक, खरखर तीच!

मग आलं १९२८. बेल लॅब्जच्या जॉन जॉन्सन यांनी दाखवलं की रेझिस्टर नुसता पडून असला तरी उष्णतेमुळे त्यात खरखर तयार होते. हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. १० किलोओहमचा रेझिस्टर आपल्याला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात साधारण १.८ मायक्रोव्होल्ट खरखर देतो. रेझिस्टन्स शंभरपट केला, तर खरखर दहापट. महागडी केबल घेऊन ही जात नाही.

म्हणून आज नियम असा: आउटपुट इम्पिडन्स कमी, पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पिडन्स किमान दहापट. फोनचा आउटपुट बहुतेक वेळा काही ओहमचा, ॲम्प्लिफायरचा इनपुट हजारो ओहमचा.

आता बोटाचं कोडं सुटतं. पिन मोकळी असताना घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची वीज तुमच्या शरीरातून त्या मोठ्या इनपुटवर सहज उमटते. फोन जोडला की त्याचा छोटा इम्पिडन्स ती घुरघुर दाबून टाकतो, इनपुटची खरखरसुद्धा.

चार्जर लावल्यावर येणारी गुणगुण मात्र बहुतेकदा ग्राउंड लूपची असते. त्यामुळे नवी केबल मागवण्याआधी चार्जर काढून बघा!