तुळईच्या पोटातलं

लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलवर १३९३ सालापासून ओकचं जे छप्पर चढलं, त्याखाली मधे एकही खांब नाही. ह्यू हरलँड या सुताराने भिंतीतून पुढे काढलेल्या आखूड तुळया आणि त्यांवर पेललेल्या कमानी यांच्या जोरावर सुमारे वीस मीटरचा गाळा ओलांडला. पाचशे वर्षं छप्पर उभं होतं. उभं आहे म्हणजे धड आहे, असा आपला सगळ्यांचाच समज असतो. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर सरकारी वास्तुविशारद फ्रँक बेन्स यांनी ते जवळून तपासलं, तेव्हा बाहेरून अखंड दिसणारी कित्येक लाकडं आतून पोखरलेली निघाली.

हे काम डेथवॉच बीटल या भुंग्याचं. जोडीदाराला हाक म्हणून तो लाकडावर डोकं आपटतो. आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागवणाऱ्यांना ती टकटक ऐकू येई, म्हणून तो अपशकुनी ठरला. खरी नासधूस मात्र अळी करते, तीही वर्षानुवर्षं, आवाज न करता. बाहेर दिसतं ते फक्त पूर्ण वाढलेला भुंगा निघून गेल्याचं बारीक भोक. भोकं मोजून आतलं नुकसान कळत नाही.

बेन्स यांनी मग हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांना गाठलं. हे गृहस्थ आधी बिहारमध्ये पुसा इथे हिंदुस्थान सरकारचे कीटकशास्त्रज्ञ होते. आपल्याकडच्या किड्यांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९०९चा. लंडनच्या भुंग्यासाठी त्यांनी मारक द्रव तयार केला, त्यातूनच पुढे रेंटोकिल ही कंपनी निघाली. १९२५ मध्ये प्रयोगशाळेतल्या विषारी वायूने त्यांचा जीव घेतला. छपराला दरम्यान पोलादाचा छुपा आधार मिळाला होता. ते काम १९२३ पर्यंत चाललं.

मला या कथेत औषधापेक्षा निदान मोलाचं वाटतं. या भुंग्याला कोरडं, ठणठणीत ओक सहसा पचत नाही. ओलीने बुरशी धरून मऊ झालेलं लाकूड त्याला हवं असतं. म्हणून जाणकार माणूस आधी किडा शोधत नाही, पाणी शोधतो: फुटलेली पन्हळ, सरकलेली कौलं, आणि सगळ्यात जास्त, भिंतीत गाडलेली तुळईची टोकं. लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओल सापडली, की तिथे संशय घ्यायचा. आपल्या जुन्या वाड्यांच्या सागवानी तुळयाही बहुधा याच टोकाशी दगा देतात. तिथे वाळवी असते एवढाच फरक.

मग ठोकून पाहायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर टोच्या घालायचा. पण जाड तुळईचा गाभा टोच्याच्या आवाक्यात येत नाही. त्यासाठी १९८०च्या दशकात जर्मनीत एक यंत्र तयार झालं. जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची, टोकाशी तीन मिलिमीटर रुंद सुई ते फिरवत लाकडात घालतं आणि फिरवायला किती जोर लागतो याचा आलेख काढतं. घट्ट लाकडात रेघ वर राहते, पोकळी आली की खाली कोसळते. बाजारात ते रेझिस्टोग्राफ म्हणून ओळखलं जातं.

आलेख कितीही देखणा असला तरी तो एका भोकापुरताच खरा असतो. हातभर अंतरावर काय आहे, ते त्यात येत नाही. तुळई किती भार पेलेल हेही त्यावरून थेट निघत नाही. त्यामुळे सुई कुठे घालायची हे आजही आधी ठोकूनच ठरवतात. भिंतीजवळ ती तिरपी घालतात, म्हणजे दगडाआड गेलेल्या टोकापर्यंत पोचते.