रॉबर्ट नॉइस: २३ जानेवारीची नोंद

१८ जुलै १९६८ रोजी रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी कॅलिफोर्नियात कंपनी नोंदवली. तीच पुढे इंटेल झाली. भांडवलासाठी नॉइसने टाइप केलेली योजना जेमतेम एका पानाची, आणि नेमका कोणता माल काढणार हे तिच्यावरून कळत नाही. तरी गुंतवणूकदार आर्थर रॉकने पंचवीस लाख डॉलर उभे केले. या विश्वासाचे मूळ नॉइसच्या आधीच्या कंपनीतल्या, फेअरचाइल्डमधल्या, वहीत आहे, असे मला वाटते.

त्या वहीत २३ जानेवारी १९५९ची नोंद आहे. सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर अनेक घटक करावेत, आणि त्यांची जोडणीही कारखान्यातल्या प्रक्रियेतच उरकावी, म्हणजे आकार, वजन आणि दर घटकामागचा खर्च उतरेल, असे नॉइस लिहितो. खर्चाचा हा उल्लेख फार मोलाचा आहे. डॅलसमध्ये अभियंता जॅक किल्बीने १९५८च्या सप्टेंबरमध्येच जर्मेनियमच्या तुकड्यावर असे विद्युत मंडल चालवून दाखवले होते, पण त्यातल्या बारीक सोन्याच्या तारा हाताने जोडलेल्या होत्या. हजारोंनी माल काढायचा तर ती वाट अडत होती.

नॉइसला वाट सापडली ती सहकाऱ्याच्या कामातून. ट्रान्झिस्टरवरचा ऑक्साइडचा थर धुऊन टाकण्याऐवजी संरक्षणासाठी तसाच ठेवायचा, ही कल्पना जाँ होर्नीची. तिचे टिपण १४ जानेवारीला टाइप झाले. म्हणजे नॉइसच्या नोंदीच्या नऊच दिवस आधी. या पद्धतीचे आणखी उपयोग कोणते, असे पेटंटच्या वकिलाने खोदून विचारल्यामुळे आपला विचार पुढे सरकला, असे नॉइस पुढे सांगे. ही मागाहूनची आठवण आहे, पण तारखांशी तिचा मेळ बसतो. तो थर वीज अडवतो. मग त्याच्यावरूनच ॲल्युमिनियमच्या पट्ट्या नेल्या आणि हव्या तिथे थराला भोके पाडून खालच्या सिलिकॉनला टेकवल्या की तारांचे काम उरत नाही.

वहीतल्या नोंदीने चिप तयार होत नाही, हेही कागदच सांगतात. पेटंटचा अर्ज ३० जुलै १९५९चा; चालते मंडल हाती आले २७ सप्टेंबर १९६० रोजी, फेअरचाइल्डमधल्याच जे लास्ट याच्या गटाकडून. घटकांना एकमेकांपासून वीजदृष्ट्या अलग ठेवण्याचे किचकट काम या गटाने निभावले, आणि त्याचे श्रेय अजून पुरेसे दिले जात नाही. २५ एप्रिल १९६१ रोजी नॉइसच्या नावाने पेटंट मंजूर झाले, तेव्हा होर्नी आणि लास्ट दोघेही फेअरचाइल्ड सोडून गेले होते.