विदेशी आहेत, पण...

जपानी भाषेत 'गा' नावाचं एक छोटं अव्यय आहे. अर्थ साधारण आपल्या 'पण'सारखा. गंमत अशी की 'गा' म्हटल्यावर पुढचं वाक्य पूर्ण करावं लागत नाही, समोरच्यानं ते समजून घ्यायचं असतं. 2004 साली आम्ही दोघं टोकियोत भाड्याचं घर शोधत होतो तेव्हा हा 'गा' मी इतक्यांदा ऐकला की अजून कानात आहे. घरांच्या दलालाचं ऑफिस म्हणजे काचेवर घरांच्या नकाशांचे कागद चिकटवलेलं एक छोटं दुकान. आत गेलं की चहा मिळायचा. आम्ही एक कागद निवडायचो, दलाल घरमालकाला फोन लावायचा आणि अदबीनं म्हणायचा, "गाइकोकुजिन देसु गा...", म्हणजे 'विदेशी आहेत, पण...'. पलीकडचं उत्तर आम्हाला ऐकू यायचं नाही, दलालाची मान मात्र हळूहळू खाली जायची. एका शनिवारी असे सात फोन झाले.

राग यायचा. पण त्यातला कुणी उद्धट बोलला नाही, हेही खरं. म्हणून मग राग बाजूला ठेवून ही पद्धत आली कुठून ते वाचायला लागले. गेली काही वर्षं सवडीनं वाचते आहे, त्यातलं थोडं इथे मांडते.

आधी व्यवहार काय असतो ते सांगते. समजा घराचं भाडं महिना 80 हजार येन आहे. जुन्या पद्धतीनं त्यावर दोन महिन्यांचं 'शिकिकिन', म्हणजे अनामत. दोन महिन्यांचं 'रेइकिन', शब्दशः आभाराचे पैसे. घर दिल्याबद्दल मालकाचे आभार मानायचे आणि हे पैसे परत मिळत नाहीत. एक महिन्याचं भाडं दलालाला आणि एक महिन्याचं आगाऊ. सगळं मिळून 4 लाख 80 हजार येन, म्हणजे उशी-गादी घ्यायच्या आधीच सहा महिन्यांचं भाडं खिशातून गेलं. बऱ्याच ठिकाणी दर दोन वर्षांनी करार नवा करायचे पुन्हा महिन्याभराचे पैसे. रेइकिनची प्रथा अलीकडे बरीच सैल झाली आहे, तेव्हा ती जोरात होती.

आणि पैसे असले तरी भागत नाही. 'होशोनिन' लागतो, म्हणजे जामीनदार. तुम्ही भाडं थकवलंत, घराची नासधूस केलीत, तर भरून देणारा. तो शक्यतो जपानी आणि कमावता, बहुधा वडील किंवा काका. आता माझे काका सांगलीला! जे माणूस कालच विमानातून उतरलं आहे त्याला जपानी काका कुठून मिळणार?

मुंबईकरांना हे ऐकून पागडी आठवेल. मलाही आठवली आणि तिथेच धागा सापडला. जपानमध्ये 1939 साली युद्धाच्या काळात भाडी गोठवण्यात आली. 1941 साली घरभाड्याचा कायदा बदलला. मालकाला 'रास्त कारण' असल्याशिवाय भाडेकरूला काढता येणार नाही, करार संपला तरी नूतनीकरण नाकारता येणार नाही. हेतू चांगलाच होता. घरातला पुरुष आघाडीवर गेलेला असताना त्याच्या बायकामुलांना रस्त्यावर काढू नये. आपल्याकडे 1947 चा मुंबई भाडे कायदा आला, त्यानं भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधलं. भाडेकरूला संरक्षण मिळालं. मग मालकांनी नव्या भाडेकरूकडून दारातच पागडी घ्यायला सुरुवात केली. बेकायदा होती तरी घेत.

दोन्हीत फरक आहेत. पागडी देणाऱ्याला घरावर जवळजवळ अर्धी मालकी मिळते, रेइकिन देणाऱ्याला काहीच मिळत नाही. पण मालकाचा हिशेब एकच. आत आलेला माणूस पुन्हा बाहेर काढता येणार नसेल, तर आत घेतानाच दहादा पारखून घ्यायचा. कायदा आतल्याची बाजू घेतो आणि त्याची किंमत दाराबाहेर उभा असलेला देतो. त्यातही ज्याची पारख करता येत नाही, ज्याचं गाव, आडनाव, नातेवाईक काही कळत नाही, त्याला सगळ्यात जास्त. योगायोग असा, की ठरलेल्या मुदतीनंतर खरोखर संपणारा भाडेकरार जपानी कायद्यात आला तो मार्च 2000 मध्ये, आणि पागडीला मान्यता देणारा महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदाही लागू झाला त्याच महिन्यात.

पण सगळा दोष कायद्याला देऊन चालणार नाही. 1941 च्या आधीही विदेशी माणसाला घर मिळणं हे तो कोण आहे यावर होतंच. 1923 च्या भूकंपात योकोहामा शहर उद्ध्वस्त झालं. तिथे रेशमाचा व्यापार करणारे भारतीय होते. योकोहामाच्या लोकांनी त्या संकटात त्यांना मदत केली, राहण्याची सोय करून दिली. त्याची आठवण आणि मेलेल्या बांधवांचं स्मारक म्हणून भारतीय व्यापाऱ्यांनी उभारलेला पाणपोईचा छोटा घुमट यामाशिता बागेत आजही आहे. जरूर बघा. पण त्याच 1920 च्या दशकात ओसाकाच्या कारखान्यांत कामाला आलेल्या कोरियन मजुरांना घरमालक दारात उभे करत नव्हते. मग एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायचं, नाहीतर नदीकाठी फळ्या ठोकून झोपडी बांधायची. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता, म्हणजे कागदोपत्री ते परकेही नव्हते. रेशीम विकत घेणारा पाहुणा आणि कारखान्यात राबणारा परका, असा तो न्याय.

युद्ध संपलं तेव्हा जपानमध्ये सुमारे 42 लाख घरांची टंचाई होती. म्हणून 1955 साली सरकारनं निहोन जुताकु कोदान, म्हणजे गृहनिर्माण महामंडळ काढलं. त्यांच्या वसाहतींना 'दान्ची' म्हणतात. चार-पाच मजली, बिनलिफ्टच्या, ओळीनं उभ्या सिमेंटच्या इमारती. आपल्या म्हाडाच्या वसाहती डोळ्यांसमोर आणा, फक्त रंग उडालेला नको. आत दोन खोल्या आणि जेवणाच्या टेबलापुरतं स्वयंपाकघर, स्टीलचं सिंक, लोखंडी दार. त्या काळात तिथे घर लागणं म्हणजे लॉटरी, आणि खरोखरच सोडत निघायची.

दान्चीत रेइकिन नव्हतं. आज त्या महामंडळाचं नाव यूआर आहे (2004 पासून). त्यांच्याकडे सुमारे 7 लाख घरं आहेत आणि तिथे रेइकिन नाही, दलाली नाही, नूतनीकरणाचे पैसे नाहीत, जामीनदारही नाही. दोन महिन्यांची अनामत आणि उत्पन्नाचा दाखला. ढोबळ नियम असा, की महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या चौपट हवं, किंवा बँकेत भाड्याच्या शंभरपट शिल्लक हवी. भाडं फार स्वस्त असतं असं नाही. पण सुरुवातीचा खड्डा निम्म्याहून कमी होतो आणि कुणाला फोन करून 'पण' म्हणावं लागत नाही.

आम्हाला शेवटी घर मिळालं ते इथेच. चौथा मजला, लिफ्ट नाही. काउंटरवरच्या बाईंनी पगाराची स्लिप बघितली, कॅल्क्युलेटरवर भागाकार केला आणि फॉर्म पुढे सरकवला. माझ्या तोंडाकडे त्यांनी नीट बघितलंसुद्धा नाही. असं न बघितलं जाण्यात किती सुख असतं ते त्या दिवशी कळलं.

मला वाटायचं की ही जपानी सरकारची दूरदृष्टी. पुढे वाचताना कळलं की 1980 पर्यंत हेच दार विदेशी माणसाला बंद होतं. अर्जदार जपानी नागरिक हवा, अशी अट होती. आणि तिचा जाच सगळ्यात जास्त कुणाला? युद्धानंतर जपानमध्येच राहिलेल्या सुमारे 6 लाख कोरियन लोकांना. 28 एप्रिल 1952 रोजी सान फ्रान्सिस्कोचा तह लागू झाला आणि त्या दिवशी त्यांचं जपानी नागरिकत्व गेलं. न हलता, न विचारता, ते विदेशी झाले. कर पूर्ण भरायचा आणि त्या करातून उभ्या राहिलेल्या घरासाठी अर्ज करायचा नाही. त्यांनी वर्षानुवर्षं नगरपालिकांत अर्ज केले, मोर्चे काढले, कोर्टात गेले. 1979 मध्ये जपाननं मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारांना मान्यता दिली आणि पुढच्या वर्षी सरकारी घरांसाठीची नागरिकत्वाची अट काढली गेली.

खाजगी घरांसाठीही तेच लढले. जपानी राज्यघटनेनं आपल्याला समतेचा हक्क दिला आहे असं म्हणत ओसाकाचा एक कोरियन रहिवासी कोर्टात गेला आणि 1993 मध्ये ओसाका जिल्हा न्यायालयानं निकाल दिला, की केवळ राष्ट्रीयत्वावरून घर नाकारणं गैर आहे, मालकानं भरपाई द्यावी.

आता आपल्या लोकांकडे येऊ. 2000 च्या आसपास संगणकांच्या Y2K भानगडीमुळे भारतीय इंजिनियर टोकियोत यायला लागले. बँकांची ऑफिसं तोझाई मेट्रोमार्गावर, त्याच मार्गावर निशिकासाई, आणि स्टेशनच्या आसपास दान्ची. जगमोहन चंद्रानी हे चहाचे व्यापारी तिथे आधीपासून होते. त्यांनी कित्येक नवख्यांना घर मिळवून दिलं. बघता बघता तिथे भारतीय वाणसामानाची दुकानं आली, गणपती आले. 2019 मध्ये तिथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेत पुराणिक योगेंद्र हे मूळचे महाराष्ट्रातले गृहस्थ निवडून आले. आम्हाला त्याचा केवढा अभिमान वाटला! पण आपण ज्या दारातून आत गेलो ते कुणी उघडलं, हे आमच्या गप्पांत मी कधी ऐकलं नाही. 'आपले लोक शिकलेले, शांत, म्हणून आपल्याला घरं मिळतात' असंच आम्ही एकमेकांना सांगत आलो.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. जपानच्या न्याय मंत्रालयाची 2017 मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी आहे. आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्या विदेशी लोकांपैकी सुमारे 40 टक्क्यांना 'विदेशी' म्हणून नकार मिळाला होता. 2020 पासून व्यक्ती जामीनदार असेल तर त्याच्या जबाबदारीची कमाल रक्कम करारात लिहावीच लागते. त्यामुळे काकांऐवजी पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्यांचं प्रस्थ वाढलं. महाग पडतं, पण निदान पैसे मोजून सुटता येतं.

मी यातून एवढंच शिकले, की परक्या माणसाला घर मिळणं हे घरमालकाच्या चांगुलपणावर सोडलं तर कधीच भागत नाही. नियम लेखी हवा, आकड्यात मोजता येणारा हवा आणि तो सगळ्यांना सारखा लागू हवा.

आता आम्ही पुण्यात असतो. इथे शिकायला येणारी सुदानची, येमेनची मुलं घर शोधताना दिसतात. विदेशी माणूस ठेवला तर मालकाला 24 तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म भरावा लागतो, त्याचीच धास्ती पुष्कळांना. मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत विषय निघाला, की अशा मुलांना फ्लॅट देऊ नयेत. कारण कुणालाच सांगता येईना. 'मुलं चांगली असतात हो,' असंच सगळे म्हणत होते आणि पुढचं बोलत नव्हते. मी सेक्रेटरींना म्हटलं, काका, ठराव करायचाच असेल तर कारणासकट लिहून काढा आणि खाली सह्या घ्या. कागद फिरला. अजून कुणाची सही झालेली नाही. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट अजून रिकामा आहे आणि दोन मुलं तो बघून गेली आहेत.