पाजला तेव्हा काही झालं नाही

सन १९७२. तुम्ही औरंगाबादजवळ चिकलठाण्याच्या शिवारात उभे आहात. सुखना नदी कोरडीठाक. दुष्काळी कामावर बाया-माणसं खडी फोडताहेत. दुपारी सुकडी वाटली जाईल. हिरवं म्हणावं असं एकच दिसतं, एका घराच्या भिंतीला लागून असलेलं सदाफुलीचं झुडूप. मूळची ही मादागास्करची, पण इथं तिला कुणी परकी म्हणणार नाही. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून ती वाचली आहे. घरातली म्हातारी रोज सकाळी अनशापोटी तिची दोन पानं चावते. "साखरेवर लई गुणाचं हाय," ती तुम्हाला सांगते.

ही समजूत एकट्या चिकलठाण्याची नाही. वीस वर्षं मागे जा आणि कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात उतरा. डॉ. क्लार्क नोबल यांच्या टेबलावर जमैकाहून आलेलं पाकीट पडलं आहे. आत सदाफुलीची पंचवीस पानं. तिकडेही लोक मधुमेहावर हिचा काढा घेतात. क्लार्क हे इन्सुलिनच्या शोधाच्या अगदी उंबरठ्यावरून परतलेले गृहस्थ: १९२१ साली टोरांटोत संशोधक बँटिंग यांचा मदतनीस कोण, हे ठरवायला नाणं उडवलं गेलं आणि कौल चार्ल्स बेस्ट यांच्या बाजूनं पडला. आता ते निवृत्त आहेत. पाकीट ते धाकट्या भावाकडे, रॉबर्टकडे, सोपवतात.

रॉबर्ट यांच्या प्रयोगशाळेत थोडा वेळ थांबा, कारण सगळी गोम इथं आहे. पानांचा अर्क उंदरांना पाजतात. काहीही होत नाही. साखर जागची हलत नाही. मग तोच अर्क शिरेतून देतात. साखर तेव्हाही हलत नाही, पण आठवडाभरात उंदीर मरू लागतात, तेही जंतुसंसर्गानं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या, अस्थिमज्जा उजाड. दुसऱ्या कुणी अर्क मोरीत ओतून दिला असता. रॉबर्ट यांच्या डोक्यात मात्र उलटा प्रश्न येतो: ज्या आजारात पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात, तिथं हे चाललं तर? १९५४ मध्ये रसायनतज्ज्ञ चार्ल्स बीअर येऊन मिळतात आणि १९५८ पर्यंत व्हिन्ब्लास्टिन हाती लागतं. त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा यांना सदाफुलीचाच अर्क दिलेले ल्युकेमियाचे उंदीर जास्त जगताना दिसतात. तिथून निघतं व्हिन्क्रिस्टिन. १९६३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळते.

आता १९८४. औरंगाबादहून मीटरगेजच्या गाडीनं मनमाड, तिथं गाडी बदलून मुंबई, आणि मग परळ. टाटा हॉस्पिटलात या वर्षी लहान मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियासाठी एमसीपी-८४१ ही उपचारपद्धती सुरू होते आहे. तिच्या पहिल्याच टप्प्यात व्हिन्क्रिस्टिन आहे. योगायोग असा की याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्यानं सिप्लानं व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन इथंच बनवण्याचं तंत्र विकसित केलं आहे. पुण्यातल्या त्या कामात डॉ. ए. व्ही. रामा राव यांचा मोठा वाटा.

टाटाच्या वॉर्डात सिस्टर व्हिन्क्रिस्टिनच्या कुपीवरची चिठ्ठी दोनदा वाचते. हे औषध फक्त शिरेतच द्यायचं. चुकून पाठीच्या कण्यातल्या पाण्यात गेलं तर माणूस सहसा वाचत नाही. तुम्ही औषधाबरोबर खाटेवरच्या एका लेकराच्या शिरेत उतरता आणि एका रोगट पेशीत शिरता. ती दुभंगायच्या तयारीत आहे. गुणसूत्रं तयार उभी, दोन्ही टोकांकडून बारीक नळ्यांचे धागे त्यांना ओढायला येताहेत, रस्सीखेच सुरू व्हायच्या आधीसारखे. या नळ्या ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचे कण जोडून बनतात. व्हिन्क्रिस्टिन त्या कणांनाच चिकटतं. जोडणी थांबते, दोर बनतच नाहीत. पेशी पुढे जाऊ शकत नाही आणि मागेही.

ती तास न् तास तशीच अडकून राहते. तिला जगवणारी प्रथिनं, उदाहरणार्थ एमसीएल-१, हळूहळू संपतात. मग बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं मायटोकाँड्रियाच्या आवरणाला भोकं पाडतात, सायटोक्रोम-सी बाहेर गळतं, कॅस्पेस नावाची विकरं जागी होतात आणि पेशी स्वतःचा डीएनए नेमक्या अंतरावर कापू लागते. सदाफुलीनं फक्त वाट अडवली. मरणाची सगळी सामग्री पेशीच्या घरचीच. (तुम्ही चिकलठाण्यात होतात त्याच १९७२ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबरडीनमध्ये कर, वायली आणि करी या तिघांनी अशा शिस्तशीर मरणाचं वर्णन छापलं आणि त्याला 'अपॉप्टोसिस' हे नाव दिलं.) पेशीचे तुकडे भक्षक पेशी गिळून टाकतात. जागा साफ.

बाहेर व्हरांड्यात त्या लेकराचा बाप उभा आहे. औषध सदाफुलीचं असल्याचं त्याला कळलं आहे. "मंग साहेब, गावाकडं हाय की ती कंपाउंडापाशी. काढा पाजला तर?" त्याचा प्रश्न अडाणीपणाचा नाही; परळचा खर्च ज्याला पेलायचा आहे तो हेच विचारणार. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनला साधारण ५०० किलो वाळलेली पानं लागतात. म्हणजे मिलिग्रॅमभराच्या डोसाला अर्धा किलो. ती गोळा होतीलही. पण त्या अर्ध्या किलोत इतर शंभरावर अल्कलॉइडं असतात, एका झाडाचं पान दुसऱ्यासारखं नसतं आणि पोटातून रक्तात किती पोचेल याचा भरवसा नाही. शिवाय डोस जरा चढला तर मुलाची पावलं लुळी पडतात, आतडी थंडावतात. तुम्ही त्याला ऑन्टारिओचे उंदीर सांगता: पाजला तेव्हा काही झालं नाही, शिरेतून दिला तेव्हा झालं.

तो मान हलवतो. पटलं की नाही, कळत नाही. तेवढ्यात निवासी डॉक्टर येतात आणि त्याला बजावतात: "चार आठवड्यांनी हाडातला मगज पुन्हा तपासू. तोवर औषधांनी चांगल्या पांढऱ्या पेशीही कमी होतील. ताप आला तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, रात्रीच घेऊन यायचं." बाप विचारतो, रात्री कुठल्या दारानं?