घाटमाथ्यावरील आरंभीचा पावसाळा, अकोले
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील सह्याद्रीत, वळवाच्या सरींपासून मोसमी पाऊस स्थिरावेपर्यंत असणारी हवा व तीमुळे डोंगरवाटांवर उद्भवणारी स्थिती.

वळीव स्थानिक उष्णतेने, बहुधा दुपारनंतर, विजांसह कोसळतो. मोसमी वारे मात्र अरबी समुद्रावरून येऊन हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या उभ्या कड्यांना धडकतात, वर चढतात आणि घाटघर, रतनवाडी भागात मुसळधार बरसतात; जिल्ह्याचा पूर्वभाग कोरडा राहतो (पहा : पर्जन्यछाया).

डोंगरवाटांवर धोका दरडींचा. बेसाल्टच्या थरांमध्ये ठिकठिकाणी मऊ तांबड्या मातीचे पट्टे असतात. उन्हाने तडकलेल्या भेगांत पहिले पाणी शिरले की सुटे धोंडे निसटतात. अख्खा उतार खचण्याचा धोका पुढे, जमीन पाण्याने तुडुंब झाल्यावर वाढतो. शेजारच्या पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर दरड कोसळल्याची दुर्घटना ३० जुलै २०१४ ची आहे (पहा : भूस्खलन). साम्रदच्या सांदण दरीत डोक्यावर पाऊस नसतानाही, वरच्या बाजूला सर पडल्यास, अरुंद घळीत पाणी चढते. कळसूबाईच्या (१,६४६ मी.) लोखंडी शिड्या ओलीने निसरड्या होतात. हरिश्चंद्रगडावर (१,४२४ मी.) धुक्यात कड्याची कडच दिसेनाशी होते, सूर्य पाठीशी व धुके समोर असता तेथे इंद्रवज्र (वर्तुळाकार इंद्रधनुष्य) दिसते (पहा : इंद्रवज्र).

मोसमी पाऊस प्रवरेवरील भंडारदरा धरण भरतो. काजव्यांचा बहरही पावसाळ्याच्या आरंभी असल्याने कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात (स्थापना १९८६) रात्रीची वर्दळ वाढते.