पैसा नेमका कशाचा? गंजिफापासून ट्रेडिंग कार्डपर्यंत स्वस्त डेकचा इतिहास



पेटची तयारी करणाऱ्या किंवा नुकतीच पीएच.डी.ला नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो. "आपल्याकडे साधनं नाहीत, पैसा नाही. मग मोठ्या संस्थांतल्या लोकांसमोर आपला टिकाव कसा लागणार?" भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. आज याचं उत्तर आपण जरा वेगळ्या वाटेने शोधू. विषय आहे पत्त्यांचा, म्हणजे कमी पैशात जिंकणारा डेक कसा बांधतात याचा. या विषयाला जवळपास पाचशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात संशोधनाची एक चांगली पद्धत दडलेली आहे.

आधी संज्ञा स्पष्ट करू. आपण घरी ज्याला पत्त्यांचा कॅट म्हणतो, तो सगळ्यांचा एकच असतो. पिसायचा, वाटायचा आणि खेळायचा. ट्रेडिंग कार्डच्या खेळात मात्र प्रत्येक खेळाडू स्वतःचा संच घेऊन येतो. तो स्वतः निवडलेल्या पानांचा असतो. यालाच डेक म्हणतात. पानं विकत घ्यावी लागतात, म्हणून इथे खिशाचा प्रश्न येतो.

1. दरबारी पानं आणि बाजारी पानं

भारतात पत्त्यांची सुरुवातीची लेखी नोंद बाबरनाम्यात मिळते. 1527 मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफाची पानं पाठवली, असं त्यात आहे. पुढे अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त या खेळाचं सविस्तर वर्णन केलं. मुघल गंजिफात 8 रंगांची 96 पानं असतात. आपल्याकडे रुळलेल्या दशावतारी गंजिफात 10 अवतारांचे 10 रंग, प्रत्येकात 12 पानं, म्हणजे एकूण 120 पानं. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पानं. तीन खेळाडू असले की प्रत्येकाच्या वाट्याला 40 पानं येतात. महाराष्ट्रात या कलेचं मुख्य केंद्र सावंतवाडी. विसाव्या शतकात ही कला जवळपास संपत आली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली.

आता पैशाचा भाग. गंजिफाचे दोन दर्जे मानले जात, दरबार कलम आणि बाजार कलम. दरबारी पानं हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंपला अशा महागड्या साहित्यावर बारीक काम करून रंगवली जात. बाजारी पानं कापड किंवा कागदाचे थर चिकटवून केली जात. चिंचोक्याची खळ, वर रंग आणि शेवटी लाखेचा थर. चित्र ठसठशीत, पण मोजक्या रेषांचं.

इथे थांबून एक प्रश्न विचारा: हस्तिदंती पानांनी खेळणारा राजा आणि लाखेच्या पानांनी खेळणारा दुकानदार, यांत जिंकण्याची शक्यता कोणाची जास्त?

दोघांचीही सारखीच. दोन्ही संचांत पानं तेवढीच, क्रम तोच आणि नियमही तेच. गंजिफात हुकूम नसतो. कोणती पानं पडून गेली हे लक्षात ठेवणं हेच खरं कौशल्य. राजाने मोजलेला पैसा साहित्याचा आणि कारागिरीचा होता. खेळातलं बळ त्याने विकत घेतलेलं नव्हतं. आपल्या विषयातला पहिला निष्कर्ष हाच: किंमत आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

2. पुरावा कोणाचा टिकतो?

इतिहास अभ्यासताना इथे एक अडचण येते. संग्रहालयांत सुंदर, जपून ठेवलेले संच जास्त दिसतात. बाजारी संच रोज हाताळले गेले, झिजले, फेकले गेले. त्यामुळे संग्रहालय पाहून "गंजिफा हा राजेरजवाड्यांचा खेळ होता" असा निष्कर्ष काढला, तर तो नमुन्यातल्या त्रुटीमुळे चुकेल. संख्याशास्त्रात आपण याला टिकून राहिलेल्यांचा पूर्वग्रह म्हणतो.

भोकरदनमध्ये नेमकं उलटं उदाहरण सापडतं. प्राचीन भोगवर्धन म्हणजे आपलं भोकरदन. 1973 मध्ये शां. भा. देव आणि रा. श्री. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली इथे उत्खनन झालं. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहे, कारण इटलीतल्या पाँपेईला सापडलेल्या मूर्तीशी तिचं साम्य आहे. पण कोणत्याही उत्खननात काळाचे थर लावायला मोठा आधार असतो तो साध्या खापरांचा. स्वस्त वस्तू मातीत टिकली तर ती उत्तम पुरावा ठरते. ती कागदाची असेल, तर मात्र बहुधा नाहीशी होते. म्हणून पुरावा वाचण्याआधी तो आपल्यापर्यंत कसा पोहोचला, हे विचारायचं.

गंजिफावर मूलभूत काम करणारे रुडॉल्फ फॉन लायडन हे शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ होते. 1930 च्या दशकात ते जर्मनीतून मुंबईला आले आणि पुढे कलासमीक्षक म्हणून ओळखले गेले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या गंजिफांची त्यांची सूची 1982 मध्ये प्रसिद्ध झाली. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इतिहासाकडे वळू नये, असं कोणी म्हणालं तर हे नाव सांगा.

3. 1993: दुर्मिळताच खेळात आली

ऑगस्ट 1993 मध्ये अमेरिकेत 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ बाजारात आला. कर्ता रिचर्ड गारफिल्ड. गणितात, नेमकं सांगायचं तर संयोजनशास्त्रात, त्यांनी त्याच वर्षी पीएच.डी. मिळवली. म्हणजे हा खेळ एका संशोधक विद्यार्थ्याच्या डोक्यातून निघाला.

यात पानं बंद पाकिटांत मिळतात. सुरुवातीच्या 15 पानांच्या पाकिटात 11 कॉमन, 3 अनकॉमन आणि 1 रेअर अशी विभागणी होती. गारफिल्ड यांचा अंदाज होता की लोक थोडीच पाकिटं घेतील, त्यामुळे जबरदस्त पानं एखाद्या गटात एकदोनच असतील. लोकांनी मात्र खोकीच्या खोकी घेतली. गंजिफात पैशाने फक्त रंगकाम मिळत होतं. इथे पैशाने ताकद मिळायला लागली.

मग नियम आले. 1994 च्या सुरुवातीला स्पर्धांसाठी किमान 60 पानांचा डेक आणि एका पानाच्या जास्तीत जास्त 4 प्रती अशी मर्यादा घातली गेली. 1995 मध्ये कंपनीने जुनी पानं पुन्हा छापली तेव्हा संग्राहक चिडले, कारण त्यांच्या पानांचे भाव पडले. 1996 मध्ये कंपनीने काही ठरावीक पानं पुन्हा कधीच छापणार नाही, असं वचन दिलं. त्याच यादीतल्या 'ब्लॅक लोटस' या पानाची एक प्रत 2021 मध्ये 5 लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. पुठ्ठ्याच्या पानाला हस्तिदंताहून जास्त भाव आला. कारण साहित्य नव्हतं, कारण एक धोरण होतं.

4. टाकाऊ पानांचा डेक

आता मुख्य घटना. 1996 मध्ये अटलांटा इथल्या पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय हा खेळाडू दुसरा आला. त्याचा डेक जे श्नायडर यांनी रचला होता. त्यात 'आयर्नक्लॉ ऑर्क्स', 'गोब्लिन्स ऑफ द फ्लार्ग' अशी पानं होती, जी इतर खेळाडू फुकट दिली तरी घेत नसत. लोकांना हा डेक म्हणजे योगायोग वाटला. पण तो योगायोग नव्हता.

या खेळात प्रत्येक फेरीला साधारण एक जमिनीचं पान मांडता येतं. म्हणजे पहिल्या फेरीत 1 एकक खर्चायला मिळतं, दुसऱ्या फेरीत 2, तिसऱ्या फेरीत 3. मोठी पानं खेळायला 5-6 एककं लागतात, तोपर्यंत ती हातात अडकून बसतात. श्नायडर यांनी प्रश्नच बदलला. "सर्वांत ताकदवान पान कोणतं?" याऐवजी "प्रत्येक फेरीत हाती असलेलं सगळं कसं वापरलं जाईल?" असं त्यांनी विचारलं. मग 1 एककाची, 2 एककांची, 3 एककांची पानं किती हवीत, हे प्रमाण ठरवलं. यालाच पुढे माना कर्व्ह म्हणायला लागले. आज महागडे डेकसुद्धा याच तत्त्वावर बांधतात.

दुसरा आधार संभाव्यतेचा. 60 पानांच्या डेकमधून सुरुवातीला 7 पानं हातात येतात. समजा, तुम्ही सगळे पैसे घालून एकच भारी पान घेतलं. ते पहिल्या हातात येण्याची शक्यता 7/60, म्हणजे साधारण 11.7 टक्के. त्याऐवजी एका स्वस्त, उपयोगी पानाच्या 4 प्रती घेतल्या तर किमान एक प्रत येण्याची शक्यता:

1 − (53 × 52 × 51 × 50) ÷ (60 × 59 × 58 × 57) ≈ 0.40

म्हणजे 40 टक्के. 10 पानं पाहून होईपर्यंत हेच आकडे अनुक्रमे 16.7 आणि 52.8 टक्के होतात. हे हायपरजॉमेट्रिक वितरण आहे, बी.एस्सी.ला शिकलेलंच. कमी पैशात डेक बांधणारा म्हणूनच एक योजना निवडतो, तिला लागणाऱ्या स्वस्त पानांच्या चार-चार प्रती घेतो आणि शोभेची एकेक पानं टाळतो.

अर्थात याला मर्यादा आहे. जिथे नियमच दुर्मिळ पानांच्या बाजूचे असतात, तिथे चांगली रचनाही कमी पडते. म्हणूनच खेळाडूंनी फक्त कॉमन पानं चालतील असा 'पॉपर' हा प्रकार रुजवला. तो आधी ऑनलाइन होता, 2019 मध्ये प्रत्यक्ष पानांच्या खेळासाठीही त्याला अधिकृत मान्यता मिळाली. कधी कधी डेक बदलून भागत नाही, नियम बदलावे लागतात.

5. संशोधनासाठी काय घ्यायचं?

एखादी गोष्ट महाग असेल तर तीन प्रश्न विचारा. हा पैसा साहित्याचा आहे का? दुर्मिळतेचा आहे का? की माझ्या प्रश्नासाठी ती वस्तू खरंच काम करते? तिसऱ्याचं उत्तर "हो" असेल तर उपकरणासाठी अर्ज करा, दुसऱ्या प्रयोगशाळेत वेळ मागा, भांडावं लागलं तर भांडा. ती अडचण खरी आहे, ती स्वतःचा कमीपणा समजू नका. उत्तर "नाही" असेल तर ते हस्तिदंत आहे, सोडून द्या. आणि एकाच दिमाखदार मापनापेक्षा साध्या मापनाच्या चार पुनरावृत्ती बहुतेक वेळा जास्त कामाच्या ठरतात.

शेवटी एक स्वाध्याय. आपल्या आधीच्या पिढीने लहानपणी काडेपेटीचे छाप आणि सिगारेटची पाकिटं गोळा केली, डावावर लावली. सहज मिळणारा छाप कमी मोलाचा, न मिळणारा जास्त मोलाचा. हे भाव मुलं आपापसांत ठरवत. आपापल्या गावातल्या दहा ज्येष्ठांना विचारा: कोणत्या छापाला किती भाव होता, तो कोणी ठरवला, पलीकडच्या गावात तोच भाव चालायचा का? बोलण्याआधी परवानगी घ्या, तारीख टाका, शब्द जसाच्या तसा लिहा. हे सांगणारी माणसं आज आहेत, कागदावर मात्र यातलं फार थोडं उतरलंय. खर्च एका वहीचा आहे.