गळ्यातली नळी कशी निघू लागली?

"डॉक्टर, ही नळी कधी निघणार?"

ट्रॅकिऑस्टॉमी झालेल्या बाळाचे आईवडील पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारतात. कहाणी बहुतेक सारखीच असते. बाळ कमी दिवसांचे जन्मले, काही आठवडे व्हेंटिलेटरवर होते आणि वाचले. पण तोंडातली किंवा नाकातली नळी काढली की त्याचा श्वास कोंडायचा. शेवटी गळ्याला पुढून छिद्र पाडून तिथे छोटी नळी बसवावी लागली. बाळ घरी आले, पण ते रडले तरी आवाज येत नाही. नळीत कफ अडकला तर कळणार कसे, या धास्तीने आईवडील आळीपाळीने रात्र जागून काढतात.

आज या प्रश्नाला बहुतेक वेळा ठोस उत्तर देता येते. साठ वर्षांपूर्वी मात्र "मूल मोठे होऊ द्या, मग बघू" एवढेच सांगितले जायचे. त्या उत्तरामागे एक भीती होती. ती भीती कशी गेली, याची ही गोष्ट आहे.

आधी रचना समजून घेऊ. आपली श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांनी उघडी राहते. कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागात हाताला लागते तसले लवचिक, मऊ हाड. श्वासनलिकेतल्या कड्या मागच्या बाजूला उघड्या असतात, त्यामुळे त्यांना थोडे पसरता येते. पण स्वरयंत्राच्या अगदी खाली एक कडी पूर्ण बंद असते. तिचे नाव क्रिकॉइड. आकार अंगठीसारखा, पुढे अरुंद आणि मागे रुंद. इथे आतून सूज आली तर तिला बाहेर सरकायला जागाच नसते. ती आतली वाट खाते. नवजात बाळात ही वाट जेमतेम चार-पाच मिलिमीटरची असते. चार मिलिमीटरच्या वाटेत चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली तर उरते दोन मिलिमीटरची वाट, म्हणजे हवेसाठीची जागा फक्त पाव. मोठ्या माणसाचा एवढ्या सुजेने जेमतेम आवाज बसेल.

आजार जुना, कारण नवे

या जागेचे अरुंद होणे नवीन नाही. घटसर्पाच्या काळात गुदमरणाऱ्या मुलांच्या गळ्याला घाईघाईने छिद्र पाडले जाई, आणि ते बऱ्याचदा फार वर, थेट क्रिकॉइडजवळ पडे. जीव वाचायचा, पण पुढे तिथे व्रण होऊन वाट बंद व्हायची. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे डॉ. शेव्हालिए जॅक्सन यांनी १९२१ मध्ये एक लेख लिहून सरळ सांगितले की स्वरयंत्र कायमचे अरुंद होण्यामागे मुख्यतः वर केलेली ट्रॅकिऑस्टॉमी आणि तशाच इतर चुका आहेत. आपल्याच व्यवसायाच्या चुका शीर्षकात मांडायला धाडस लागते. छिद्र खाली घ्यायची शिस्त त्यातून रुजली आणि हे रुग्ण कमी झाले.

मग आजार दुसऱ्या दाराने परत आला. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. तिथे ब्यॉर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने रुग्णांच्या गळ्यात नळी घालून, विद्यार्थ्यांच्या पाळ्या लावून, हाताने पिशवी दाबत श्वास दिला गेला. आजच्या आयसीयूची ती सुरुवात. लहान बाळांसाठी मात्र दर वेळी गळा कापणे जोखमीचे होते. १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मॅकडोनल्ड आणि स्टॉक्स या डॉक्टरांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला: नाकातून घातलेली प्लॅस्टिकची नळी कितीतरी दिवस ठेवून मुलांना जगवता येते. ही पद्धत जगभर पसरली. त्याआधी दोनच वर्षे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा, केनेडींचा, अपुऱ्या दिवसांचा मुलगा पॅट्रिक फुप्फुसांच्या आजाराने दोन दिवसांच्या आत दगावला होता. तशी बाळे आता वाचू लागली.

त्यांतल्या काहींनी याची किंमत क्रिकॉइडपाशी मोजली. नळीचा दाब आतल्या नाजूक त्वचेवर पडला की तिथला रक्तपुरवठा तुटतो, जखम होते, मांस वाढते आणि शेवटी कडक व्रण तयार होतो. हे कुणाच्या हलगर्जीपणामुळेच होते असे नाही, हे मी आईवडिलांना मुद्दाम सांगतो. त्या नळीनेच बाळ जगलेले असते.

"कडी कापू नका"

आता या मुलांचे करायचे काय? त्या काळी सळ्या घालून वाट पुन्हा पुन्हा रुंद करत, आणि व्रण पुन्हा आवळे. मोठ्यांमध्ये उघडी शस्त्रक्रिया होत होती. हंगेरीचे ऑरेल रेथी यांनी १९५६ मध्ये क्रिकॉइड पुढून आणि मागूनही उभी चिरून रुंद करण्याची पद्धत मांडली होती. पण मुलांच्या बाबतीत हात थांबत. वाढत्या स्वरयंत्राची कडी कापली तर तिची वाढ खुंटेल, असा पक्का समज होता. म्हणून वाट पाहायची आणि तोवर नळी ठेवायची. या वाट पाहण्यात काही मुले रात्री नळी तुंबून जात. शस्त्रक्रियेचा धोका सगळ्यांना दिसत होता. न करण्याचा धोका मात्र बराच काळ कुणी हिशेबात धरला नाही, असे मला वाटते.

१९७१ मध्ये फिनलंडच्या ग्राहने यांनी तीन वर्षांपर्यंतच्या मुलांवर केलेल्या शस्त्रक्रियांचा वृत्तांत दिला. त्याच सुमारास टोरंटोच्या मुलांच्या रुग्णालयात ब्लेअर फिअरन आणि त्यांचे तरुण सहकारी रॉबिन कॉटन यांनी हा समज थेट तपासायला घेतला. वाढत्या वयाच्या माकडांची क्रिकॉइड उघडून त्यांनी तिथे कूर्चेचा तुकडा बसवला. स्वरयंत्र वाढत राहिले. १९७४ मध्ये त्यांनी मुलांवरचा अनुभव प्रसिद्ध केला.

लंडनमध्ये जॉन इव्हान्स यांनी याच वर्षी वेगळी युक्ती मांडली. त्यांनी चीर सरळ न घेता किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारखी नागमोडी-चौकोनी घेतली, म्हणजे कडा थोड्या सरकवून शिवल्या की वाट आपोआप रुंद. आत आधाराला सिलिकॉनच्या पातळ पत्र्याची सुरळी ठेवली.

टिकली जास्त ती कॉटन यांची वाट. ते पुढे अमेरिकेत सिनसिनाटीला गेले आणि मुलांच्या श्वासमार्गाच्या शस्त्रक्रियेचे मोठे केंद्र तिथे उभे राहिले. तंत्र सांगायला सोपे आहे, करायला मुळीच नाही. बरगडीच्या कूर्चेचा छोटा तुकडा काढायचा, होडीच्या आकारात तासायचा आणि चिरलेल्या कडीत पाचरीसारखा बसवायचा. कूर्चेवरचे पातळ आवरण आतल्या बाजूला ठेवायचे, म्हणजे त्यावर नवी त्वचा पसरते. गरज पडली तर मागच्या बाजूलाही असाच तुकडा.

१९८० मध्ये कॉटन आणि सीड यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांची नळी निघत नाही, त्यांची कडी फक्त पुढून चिरायची, काही दिवस नळीवर ठेवायचे आणि ट्रॅकिऑस्टॉमीच टाळायची. जी कडी कापायला मनाई होती, ती आता अगदी तान्ह्या बाळात कापली जात होती. आणि १९९३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या फिलिप मोनिए आणि सहकाऱ्यांनी मुलांमध्ये अरुंद भाग, क्रिकॉइडच्या पुढच्या कमानीसह, कापून टाकून श्वासनलिका वर ओढून जोडण्याचे निकाल दिले. वाट जवळजवळ बंद झालेल्या मुलांसाठी हा मोठा आधार ठरला. आवाजाच्या नसा अगदी लगत असल्यामुळे हे काम फार जपून करावे लागते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. मी आईवडिलांना सांगतो की आधी भूल देऊन दुर्बिणीने आत बघू. पन्नास टक्क्यांपर्यंत अरुंद असेल तर पहिली श्रेणी, सत्तरपर्यंत दुसरी, नव्याण्णवपर्यंत तिसरी, वाट अजिबात नसेल तर चौथी. सौम्य असेल तर फुगा फुगवून भागते किंवा नुसते लक्ष ठेवले तरी चालते. जास्त असेल तर उघडी शस्त्रक्रिया. त्याआधी फुप्फुसे सुधारलेली हवीत, जठरातले आम्ल वर येत असेल तर ते आटोक्यात हवे, आणि गिळणे नीट हवे. कधी कधी दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागते, आणि आवाज थोडा घोगरा राहू शकतो, हेही आधीच सांगतो.

सगळे जमले की नळी एकदम काढत नाही. आधी लहान करतो, मग तिला बूच लावतो आणि मूल रुग्णालयातच रात्रभर तसे झोपते का ते पाहतो. बूच लागल्यावर काही मुले पहिल्यांदाच स्वतःचा आवाज ऐकतात, आणि दचकून गप्प होतात.